राहीबाई होवाळच्या गारगोट्या

मिरज-पुण्याची लाईन रुंद करायचं ठरलं आणि कुंडलच्या डोंगरात रेल्वेच्या खडीसाठी खाण सुरू झाली. गावातल्या बऱ्याच बाया तिथं खडी फोडायला जाऊ लागल्या. त्यांत राहीबाई होवाळही होती. तिचा नवरा सोपान एका बागायतदाराच्या उसाला पाणी पाजायला असे.

राहीबाई तेव्हा पस्तिशीची असेल. अंगानं वाळकी, बोलायला कमी. सुरुंग उडाला की पुरुष घणानं मोठे दगड फोडत आणि बाया बसून त्यांची खडी करत. काळ्या दगडात मधेच पोकळी लागे आणि तिच्यात गारगोट्या चिकटलेल्या असत. पांढऱ्या, गुलाबी, कधी काचेसारख्या हिरवट. बाकीच्या बाया त्या खडीतच टाकत. राहीबाईला मात्र पहिल्याच महिन्यात त्यांचा नाद लागला.

हातोडीचा आवाज बदलला की आत पोकळी आहे हे तिला कळायचं. मग ती हातोडी हलकी करायची, छिन्नी घ्यायची आणि गारगोटीला धक्का न लावता भोवतालच्या दगडाचे टवके काढत जायची. एका दगडाला कधीकधी तीन दिवस लागत. मुकादम हिंदुराव कावायचा, कारण तेवढ्यात तिची खडी मागं पडायची. म्हणून ती दुपारची भाकरी चार घासांत उरकून उरलेल्या सुट्टीत हे काम करू लागली. मग त्यालाही बोलायला जागा राहिली नाही.

छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून घरात देव्हाऱ्याची फळी रिकामीच होती. तिच्यावर राहीबाईनं गारगोट्या मांडल्या. सोपान आधी हसला, पण फळी वाकायला लागल्यावर त्यानंच खालून आधार ठोकून दिला.

कोयनेचा भूकंप झाला त्यानंतरच्या उन्हाळ्यात सांगलीच्या एका कॉलेजातले इनामदार सर लॅम्ब्रेटा स्कूटरवरून खाणीवर आले. ते दगडांचा विषय शिकवत आणि कॉलेजात एक संग्रहालय उभं करत होते. चांगल्या गारगोट्या कुणाकडं मिळतील, असं त्यांनी हिंदुरावला विचारलं, आणि त्यानं हसत राहीबाईकडं बोट केलं.

सर तिच्या घरी आले. फळीसमोर उभे राहिले. मग एकेक नग उचलून त्यांनी नावं सांगितली. त्या नावांनी राहीबाईची जीभ अडखळली, पण दुसऱ्या खेपेला सर आले तेव्हा तिला त्यांतली पाच-सहा पाठ होती. एकदा त्यांनी बिहारच्या खाणीतला तोरमल्लीचा, म्हणजे टुर्मलिनचा, खडा दाखवायला आणला, काळाभोर, उभ्या रेघांचा. तिनं तो हातात फिरवून पाहिला, कडेचा एक टवका बोटानं दाखवला आणि काढणाऱ्यानं घाई केली असं म्हणाली. सर चपापले. असला टवका त्यांच्या एम. एस्सी. झालेल्या पोरांनाही दिसला नसता, असं ते सोपानला म्हणाले. ते ऐकून राहीबाई आत निघून गेली. चुलीपुढं बसून ती कितीतरी वेळ एकटीच हसत होती, असं सोपान पुढं सांगायचा.

सरांनी तीन नग मागितले. पैसे देऊ केले, ते तिनं घेतले नाहीत. दगडापुढच्या चिठ्ठीवर आपलं नाव असावं एवढंच तिचं मागणं होतं. सरांनी तिच्यासमोर तीन चिठ्ठ्या लिहिल्या आणि वाचून दाखवल्या : राहीबाई सोपान होवाळ, कुंडल.

चौथा नग तिला दिवाळीनंतर सापडला. दगडात ताटलीएवढी पोकळी होती. तळाला हिरवे, पाण्यासारखे स्वच्छ खडे, आणि त्यांच्यामधून निघालेल्या पांढऱ्या सुया. केसाइतक्या बारीक, वीतभर लांब, शेकडो. फुंकर घातली तरी हलतील अशा. तो दगड काढायला तिला अकरा दिवस लागले. सुरुंगाच्या हादऱ्यानं सुया मोडतील म्हणून तिनं हिंदुरावच्या हातापाया पडून त्या बाजूचा सुरुंग शेवटचे चार दिवस थांबवला. त्याबदल्यात एक आठवडा ती अंधार पडेपर्यंत खडी फोडत होती.

सांगलीला न्यायचा प्रश्न होता. तिनं रॉकेलचा चौकोनी डबा वरून कापून घेतला. दगड खालून चिंध्यांनी घट्ट बसवला, सुयांना चारी बाजूंनी मोकळी जागा ठेवली आणि तोंडाला फडकं ताणून बांधलं. एसटीचा कंडक्टर डबा टपावर टाका म्हणाला. ती ऐकेना. मग त्यानं डब्याचंही तिकीट फाडलं. सांगलीपर्यंत तिनं डबा मांडीवर धरला, आणि खड्डा आला की दोन्ही हातांनी तो अधांतरी उचलून धरायची. कॉलेजात सरांनी फडकं सोडलं तेव्हा एकही सुई मोडलेली नव्हती. सरांचे डोळे भरून आले होते. असा नग आपण पुस्तकातही पाहिला नाही, असं ते म्हणाले आणि उद्घाटनाला नक्की या म्हणून तिला तारीख सांगितली.

त्या तारखेला राहीबाई ठेवणीतलं लुगडं नेसून गेली. सोपाननं एक दिवसाचा खाडा केला. संग्रहालयात मुंबईचे पाहुणे होते, प्राचार्य होते, मुलामुलींची गर्दी होती. तिचे पहिले तीन नग काचेच्या कपाटात होते. चौथा मधल्या टेबलावर.

तिनं तो आधी ओळखलाच नाही. हिरवे खडे घासलेल्या काचेसारखे आंधळे झाले होते. सुया नव्हत्या. त्यांच्या जागी वाळलेल्या खळीसारखा पिवळट थर बसला होता, आणि कडेला चार-दोन बुडखे उभे होते. राहीबाईला वाचता येत नव्हतं. तिनं शेजारच्या एका मुलीला चिठ्ठी वाचायला सांगितली. मुलीनं इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं : कुंडलच्या खाणीतला दुर्मिळ नमुना. कामगारांच्या निष्काळजीपणामुळं काढतानाच सुया मोडलेल्या.

राहीबाईनं तिला पुन्हा वाचायला लावलं. मग ती सरळ सरांकडं गेली. सर पाहुण्यांशी बोलत होते. तिनं काही विचारायच्या आतच ते हलक्या आवाजात, नंतर बोलू, असं म्हणाले आणि पाहुण्यांना पुढं घेऊन गेले. प्राचार्यांनी शिपायाकडं पाहिलं. शिपायानं तिला आणि सोपानला चहाच्या टेबलाकडं न्यायला हात केला. ती चहा न घेताच बाहेर पडली.

आठ दिवसांनी सर खाणीवर आले. राहीबाई खडी फोडत होती, ती उठली नाही. सर उकिडवे बसले आणि खरं ते सांगितलं. सुयांवर चुन्याची पूड दिसत होती, ती जावी म्हणून प्रयोगशाळेतल्या माणसानं नग रात्रभर ॲसिडात ठेवला. सकाळी सुयांचा चिकट लगदा झाला होता. तो धुता धुता उरलेलंही गेलं. पाहुणे चार दिवसांवर आले होते. नोंदवहीत खरं लिहिलं असतं तर चौकशी लागली असती, त्या माणसाची नोकरी गेली असती, आणि संग्रहालयाचं अनुदानही अडलं असतं.

"पण तुमचं नाव मी त्या चिठ्ठीवर येऊ दिलं नाही, राहीबाई," सर म्हणाले. "तेवढी काळजी घेतली."

राहीबाईनं हातोडी खाली ठेवली.

"बाकीच्या तिन्हीवर माजं नाव हाय, सर. गाव बी त्येच. मग ह्यो दगुड कुणी मोडला म्हनायचा लोकांनी?"

सर खडीतला एक तुकडा उचलून बोटांत फिरवू लागले.

"चिठ्ठी बदला," ती म्हणाली. "माजं नाव नगं. निस्तं खाणीत मोडला न्हाई, एवढंच लिवा."

सर म्हणाले, बघतो. मग उठताना, जरा अवघडून, असा दुसरा नग कधी सापडला तर आधी मला कळवा, या खेपेला मी स्वतः न्यायला येईन, असंही म्हणाले. राहीबाईनं मान वर केली नाही.

चिठ्ठी बदलली नाही. सोपान हळद घेऊन सांगलीच्या बाजारात जाणाऱ्या गाडीबरोबर दोनदा गेला आणि कॉलेजात डोकावून आला. दोन्ही वेळा त्यानं कुणाकडून तरी ती वाचून घेतली. तिसऱ्यांदा राहीबाईनंच त्याला जाऊ दिलं नाही. खाणीवर मात्र गोष्ट पसरली होती. सांगलीला नेलेला दगड राहीबाईनं वाटेत फोडला, असं बाया म्हणायच्या. हिंदुराव म्हणायचा, या बाईपायी मी चार दिवस सुरुंग थांबवला.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी तिच्या हातोडीचा आवाज पुन्हा बदलला. बाकीच्या बाया सावलीला भाकरी खात होत्या. तिनं सवयीनं छिन्नी घेतली, बोट जाईल एवढं भोक पाडलं आणि डोळा लावला. आत ऊन शिरलं होतं. तळाला हिरवं होतं, आणि सुया होत्या, पहिल्यापेक्षा लांब, छतापर्यंत भिडलेल्या.

ती थोडा वेळ तशीच वाकून राहिली. मग उठली, पुरुषांचा घण ओढत आणला आणि दोन्ही हातांनी उचलून घातला. दुसऱ्या घावाला दगड दुभंगला. तिसऱ्याला आत काही ओळखू येईनासं झालं. उरलेल्या दगडाची तिनं संध्याकाळपर्यंत खडी केली आणि ढिगात ओतली. बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. सरांना याचा पत्ताही लागणार नव्हता.

घरी भाकरी थापताना तिचा हात सारखा मागं येत होता. सोपाननं तळवा दिव्यापुढं धरून पाहिला. कातडीत पांढऱ्या सुया रुतल्या होत्या. त्यानं बाभळीच्या काट्यानं एकेक काढली आणि विचारलं, "परत तसलं सापडलं व्हय गं?"

"न्हाई," राहीबाई म्हणाली. "साधाच दगुड हुता."