आक्कांची चिमटी

आक्का कुणाला नमस्कार करत नसत. समोरच्याचा हात ओढून घ्यायच्या, पंजाच्या मागची कातडी चिमटीत धरायच्या, सोडायच्या आणि ती कशी खाली बसते ते बघत राहायच्या. कोल्हापूरच्या वेशीवरच्या आमच्या वृद्धाश्रमात आल्या, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझा हात तपासला आणि सुनावलं, "बाई, पाणी कमी पितासा." मी तिथली सुपरवायझर. हसून सोडून दिलं.

राधानगरीकडच्या एका गावात त्यांनी जन्मभर म्हशी सांभाळल्या होत्या. जनावराची कातडी ओढून सोडायची. लगेच बसली तर ठीक, उभीच राहिली तर जनावर पाण्यावाचून आहे. मुलगा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. आईचे गुडघे गेले तेव्हा त्यानं म्हशी विकल्या आणि तिला आमच्याकडे आणून ठेवलं. आक्कांनी कुरकुर केली नाही. रोज सकाळी चहाआधी खोलीतल्या पाचही खाटांवरून त्यांची फेरी व्हायची. म्हाताऱ्या लाजून हात चोरायच्या, आणि एखाद्या दिवशी फेरी चुकली की रुसायच्या. मला हा प्रकार फार आवडायचा, आक्का तर त्याहून.

शेजारच्या खाटेवर शमाबी होती. शिवणकामावर संसार ओढलेली, आता अंथरुणाला खिळलेली, मोजकं बोलणारी. आक्का तिला धाकट्या जावेसारखं दटावायच्या आणि ती नुसती हसायची.

आता नियमाचं सांगते, कारण तो मी केला होता. रात्री बावीस जणांना एकच आया. म्हणून अंथरुणावरच्यांना दुपारी चारनंतर फक्त अर्धा पेला पाणी. चादरी कोरड्या राहू लागल्या. भेटीला येणारी माणसं म्हणायची, तुमच्याकडे वास कसा तो येत नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे लपवत नाही.

उन्हाळा चढला तशी आक्कांची फेरी दिवसातून तीनदा होऊ लागली. एका दुपारी त्या ऑफिसात येऊन उभ्या राहिल्या. "शमाची कातडी उभी ऱ्हायला लागलीया," म्हणाल्या. या वयात सगळ्यांचीच तशी होते, म्हशीचं माणसाला लावू नका, असं मी त्यांना समजावलं. सोमवारी डॉक्टर येतील, तेव्हा बघू. एरवी आक्कांचा आवाज फाटकापर्यंत जायचा. त्या दिवशी अगदी हळू बोलल्या.

"जनावर दाव्याला बांधलं की त्याला पाणी दाखवायचं काम आपलं असतंय, बाई. ते काय दावं तोडून नदीला जायाचं न्हाय."

त्यानंतर आक्का आपल्या तांब्यातलं पाणी शमाबीला चमच्यानं पाजू लागल्या. चादरी भिजल्या. आयांनी काम सोडायची भाषा केली. मी आक्कांची खाट वरच्या मजल्यावर हलवली. वर वारा चांगला येतो, असं सांगितलं. गुडघे गेलेली बाई जिना उतरून येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

वरून त्या कठड्याला धरून उभ्या राहायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या आयेला विचारायच्या, तिला पाणी दिलं का. आया हो म्हणायच्या. मीही हो म्हणायचे.

आठवड्याच्या आत शमाबीला ग्लानी आली. दवाखान्यात हलवली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. अंगात पाणीच उरलं नव्हतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. त्याच दिवशी मी नियम काढून टाकला आणि रात्रीसाठी दुसरी आया मागितली. विश्वस्तांनी लगेच होकार दिला. इतके दिवस मी मागितलीच नव्हती.

आक्कांना सांगायला मी वर गेले. त्यांना आयांकडून आधीच कळलं होतं. त्यांनी बोचकं बांधून ठेवलं होतं; मुलगा न्यायला येणार होता. त्या रडल्या नाहीत, मला बोल लावला नाही. बोचक्याची गाठ उगाच पुन्हापुन्हा आवळत एवढंच विचारलं, "माझं नाव काढलंतं काय तिनं?"

मी नाही म्हणाले.

"बरं झालं," आक्का म्हणाल्या. "वाट बघत गेली न्हाय."

खरं तर ग्लानी येण्याआधीचे दोन दिवस शमाबी जिन्याकडे तोंड करून एकच सांगत होती, आक्काला बोलवा, ती पाणी देते. मी तिच्या खाटेपाशीच उभी होते.