सत्कार चालू असताना मी मेलेला होतो

रंगभूमीपुढे सगळे सारखे असतात. हे वाक्य मी पाठीवर पडून ऐकलं. बोलणाऱ्याचा बूट माझ्या कानापासून वीतभर लांब होता.

बूट चांगला होता. नवा, कातडी. आम्ही नाटकवाले रंगमंचावर जाताना पायातलं खाली काढतो, फळीला हात लावून कपाळाला लावतो. पाहुण्यांना हा नियम नसतो.

रविवारची दुपार. पिंपरी-चिंचवडमधलं एक नाट्यगृह. आमच्या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग. चाकणच्या एका कंपनीत, पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये, कामगार मशीनवर मरतो. पडदा उघडतो तेव्हा तो जमिनीवर पडलेला असतो आणि पहिला अंक त्याच्याभोवती चालतो. साहेब येतात, सुपरवायझर येतो, प्रेत आधी हलवायचं की आधी शिफ्ट पुरी करायची यावर वाद होतो. प्रेताचं काम माझ्याकडे होतं.

तिसरी घंटा झाली. पडदा उघडला. आणि नेमके तेव्हा भाऊ आले. नाटकाचा खर्च उचलणारे. मोशीचं जुनं घराणं. शेतं गेली, त्या जागी इमारती आल्या, भाऊ मात्र होते तिथेच राहिले, थोडे वरच.

सभागृहातले दिवे लागले. सत्कार आत्ताच उरकायचा, असं ठरलं. कार्यकर्ते खुर्च्या, टेबल, माइक घेऊन थेट सेटवर आले. मी एक डोळा किंचित उघडला. विंगेत सर उभे होते, आमचे लेखक-दिग्दर्शक. दातांवर दात ठेवून म्हणाले, "हलू नकोस. प्रेक्षकांनी तुला मेलेला पाहिलंय. आता उठलास तर नाटक गेलं."

तर्क बिनचूक होता. मी मेलेलाच राहिलो.

भाऊंनी विचारलं, "ह्यो कोन पडलाय?"

"मयत हाय, भाऊ. नाटकातलं."

"मंग ऱ्हाऊ द्या की. त्याला काय अडचन हाय?"

माइक चालू होता. सभागृह हसलं.

एकानं माझे पाय धरून मला बाजूला ओढलं, मधली खुर्ची बसेना म्हणून. दुसऱ्या खुर्चीचा पाय माझ्या बोटांवर आला. मग त्या खुर्चीवर कोणीतरी बसलं. मी ओरडलो नाही. चार महिने सर मला तेच शिकवत होते.

ते प्रेत माझ्या बापाचं होतं.

बाप मराठवाड्यातून आला, चिखलीत खोली घेतली, चाकणला कामाला लागला. मी दहावीत असताना प्रेसखाली गेला. त्या दिवशी त्याला तसाच जमिनीवर ठेवला होता, साहेब येईपर्यंत. पुढे मीही कंपनीत लागलो. पिंपळे गुरवला एका शाळेच्या हॉलमध्ये सरांचं अभिनय शिबिर भरलं, तिथे शिफ्ट सांभाळून जायला लागलो. एक दिवस सर म्हणाले, आयुष्यातली खरी घटना सांगा. मी ही सांगितली. सर रडले. मग त्यांनी तिचं नाटक लिहिलं. रडून झाल्यावर माणसाला काहीतरी काम लागतंच.

नाटकात कामगाराचा मुलगा आहे. त्याला मोठी भाषणं आहेत. मी सरांना म्हटलं, हे काम मला द्या.

"तू मेहनती आहेस रे," सर म्हणाले, "पण मुलगा म्हणून तू पटत नाहीस."

माझ्या बापाचा मुलगा म्हणून मी पटत नव्हतो. ते काम पुण्याच्या एका मुलाला मिळालं. तो चांगला होता, वाईट बोलणार नाही. माझ्यासारखं बोलायचं कसं, हे तो माझ्याकडून शिकून गेला.

आमचं आडनावही सरांनी नाटकातून काढलं. म्हणाले, "विषय कामगाराचा आहे. त्यात दुसरा विषय नको."

दुसरा विषय म्हणजे आम्ही. हे कळायला मला घरी पोचेपर्यंतचा वेळ लागला. आणि कळल्यावरही मी दुसऱ्या दिवशी तालमीला गेलो. प्रेताचं काम तरी मिळत होतं. घरी आईला सांगितलं, बापावर नाटक आहे, तू ये.

ती आली होती. मधल्या रांगेत बसली होती. विहारात नेसते ती पांढरी साडी नेसून.

सत्कार चालूच होता. शाल, नारळ, हार. मग पुन्हा शाल. निवेदिका म्हणाली, भाऊ नसते तर आज कामगाराचं दुःख आपल्यापर्यंत पोचलंच नसतं. टाळ्या. सगळ्यांना हार घालून झाले आणि एक उरला. कार्यकर्ता तो हातात धरून इकडेतिकडे बघत राहिला. कोणाला विसरलो की काय, या भीतीनं.

भाऊ म्हणाले, "त्या मयताला घाला. न्हाईतर रुसायचं त्ये."

पुन्हा हशा. हार माझ्या छातीवर पडला. ओला होता. पापणीच्या फटीतून मला आई दिसली. आजूबाजूचे हसत होते. तिनं डोक्यावर पदर घेतला होता आणि हात जोडले होते. प्रेताला हार घातल्यावर आपली माणसं जोडतात तसे.

मी उठलो.

बोटं खुर्चीखालून ओढून काढली. हार काढून टेबलावर ठेवला. माइकसमोर जाऊन म्हणालो, "हा माझा बाप आहे. त्याला तुमचा हार नको."

मग टाळ्या. कडाडून.

भाऊ म्हणाले, "वा रं पठ्ठ्या! काय डायलॉग हाय!"

"डायलॉग नाही," मी म्हणालो. "खरंच माझा बाप आहे."

टाळ्या वाढल्या. मागून कोणीतरी शिट्टी मारली. विंगेत सर कपाळाला हात लावून उभे होते, आणि तोही हात मला तालमीत बसवलेला वाटला.

तेव्हा कळलं. स्टेजवरून काहीही खरं बोला, ते नाटकात जमा होतं. तिथे उभं राहून नकार देता येत नाही. त्यालाही दाद मिळते.

मी पायऱ्या उतरून खाली गेलो. आईला म्हटलं, "चल." ती उठली. आम्ही प्रेक्षकांच्या दारानं बाहेर पडलो. लोक माना वळवून टाळ्या वाजवत होते.

बाहेर रिक्षा थांबवली. माझ्या अंगावर फाटका युनिफॉर्म, डोक्यापासून पोटापर्यंत लाल. रिक्षावाला घाबरून म्हणाला, "भावा, कुठल्या हॉस्पिटलला घेऊ?"

त्या दुपारी एवढ्या एकाच माणसाला ते खरं वाटलं. मी म्हटलं, रंग आहे. तो बिचारा ओशाळला.

चिखली आल्यावर आई बोलली. "तुज्या बापाच्या येळंला मशीन तरी बंद केली व्हती."



दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. मी म्हटलं, माझ्या बापाची घटना नाटकातून काढा.

"घटना कोणाच्या मालकीची नसते रे."

"मग पोस्टरवर तुमचं नाव कशाला?"

"तू आत्ता रागात आहेस," ते म्हणाले. "नंतर बोलू."

नंतर बोलणं झालं नाही. मी कंपनीतच आहे. काही बदललेलं नाही आणि बदलेल असंही दिसत नाही. पण बापाचं मरण आता मीच सांगणार. आडनाव, वस्ती, सगळ्यासकट. टाळी वाजली की थांबणार आणि ती संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगणार. आणि कोणाच्याही नाटकात, कोणत्याही कारणासाठी, मेलेला राहणार नाही.

प्रयोग चालू आहेत. प्रेताच्या जागी आता कापूस भरलेला पुतळा ठेवतात. परवा एका स्पर्धेत परीक्षकांनी प्रेताच्या संयत अभिनयाचा खास उल्लेख केला.