शेजारची वीज

माझे सासरे रोह्याच्या एका कंपनीत उभं आयुष्य पावडरीच्या खात्यात होते. नोकरी संपल्यावर दम लागायला लागला आणि शेवटी डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. ते विजेवर चालायचं. वीज गेली तर सोबत सिलिंडर होता, पण तो फार वेळ पुरत नसे.

हमरापूरच्या बाजूला आमच्या आळीत तेव्हा एका संस्थेनं सोलरची योजना आणली होती. ज्यांच्या घरावर स्लॅब, त्यांच्याकडे पॅनल आणि बॅटऱ्या बसल्या आणि सगळी घरं तारेनं एकमेकांना जोडली. ज्याच्या घरी वीज उरेल त्यानं ती मोबाइलवरून आळीतच विकायची, ज्याला कमी पडेल त्यानं घ्यायची. आमचं घर कौलारू, वासे जुने, त्यामुळे आम्ही घेणाऱ्यांतले. शेजारच्या आत्याचं घर स्लॅबचं. ती आमच्या नात्यातली नव्हे, अख्खी आळी तिला आत्या म्हणते. लाइट गेली की तिच्या घरची वीज आमच्या मशीनला यायची. उन्हाळा असा बरा गेला.

गणपती तोंडावर आले आणि वादळानं मोठी लाइन पडली. खांब आडवे झाले, दुरुस्तीला माणसं येईनात. आभाळ सतत भरलेलं, त्यामुळे पॅनलचीही वीज जेमतेम. आणि ती सगळ्यांनाच हवी होती. आळीतल्याच ज्या गणपतीच्या कारखान्यात मी रंगकाम करायचे, तिथं मूर्ती ओल्या राहिल्या होत्या. पंखे लावल्याशिवाय रंग वाळेना. शेवटी एका दुपारी मालकांनी आळीतल्या विजेला आमच्यापेक्षा चढा भाव लावला. आत्याच्या मुलानं स्वतःच्या मोबाइलमध्ये आधीच असं करून ठेवलं होतं, की जो जास्त देईल त्याला वीज आधी जावी. आमच्या घराचा विचार कुणी मुद्दाम टाळला असं मी आजही म्हणणार नाही. तो कुणाला करावाच लागला नाही.

त्या दिवशी सकाळी मी कामावर जावं की नाही अशा विचारात होते. सासरे म्हणाले, "मला काय नाय होत. जा तू." नवरा धरमतरच्या जेटीवर कामाला गेला होता. मशीन चालू होतं, म्हणून आत्याला लक्ष ठेवायला सांगून मी गेले.

दुपारी आत्या कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. धावत आली होती, पण आवाज चढवला नाही. म्हणाली, "मशीन थांबलंय गो. सिलिंडर लावून आलेय. चल."

मी मालकांना पंखे बंद करा म्हटलं. ते म्हणाले, वर्षाचा माल आहे, आणि वीज तुमच्या शेजाऱ्यांची आहे, त्यांनाच सांगा. आत्या मुलाला फोन लावत होती. तो नागोठण्याला शिफ्टवर, आणि तिथं मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो. फोन नुसता वाजत राहिला.

घरी पोचलो तेव्हा सिलिंडर संपत आला होता. सासऱ्यांचे ओठ निळे पडले होते, डोळे उघडे होते, पण ते आम्हाला ओळखत होते की नाही कळेना. पेणला न्यायचं तर रस्ता पाण्याखाली. तेव्हा आत्या म्हणाली, "माझ्या घरातल्या बोर्डाला कुणाची परवानगी लागत नाय. यांना माझ्याकडं आणा."

खरंच होतं ते. स्वतःच्या घराला लागेल ती वीज आधी स्वतःलाच मिळायची, विक्री उरलेल्याची. आम्हा कुणालाच ते आधी सुचलं नव्हतं. आळीतल्या माणसांनी सासऱ्यांना खाटेसकट उचलून तिच्या बाहेरच्या खोलीत ठेवलं. मशीन लावलं. संध्याकाळपर्यंत ओठांचा रंग जरा बदलला.

आत्याचा मुलगा कामावरून आला, दारातच थबकला. मग जेटीवरून परतलेल्या माझ्या नवऱ्याला म्हणाला, लाइन लगेच येईल असं वाटलं होतं.

सासरे तिथंच राहिले. हलवायची भीती वाटत होती. त्यांना मात्र त्या घरात पडून राहणं जड जात होतं. आत्यानं मशीनसाठी स्वतःचा पंखा आणि फ्रीज बंद ठेवला होता. ते तिला परत परत सांगायचे, "तुझा पंखा लाव. मला आता पुरे झालं." ती हं म्हणायची आणि त्यांना चमच्यानं पेज भरवायची.

लाइन यायच्या आधीच ते गेले. मशीन चालूच होतं. डॉक्टर नंतर म्हणाले, त्या दुपारनं फरक पडला असेल, नसेलही. सांगता येत नाही.

जिथं माणूस जातो तिथं दिवा लावायचा असतो. आत्याच्या मुलाला ते घरात नको होतं. दिवा तुमच्या घरी न्या, असं तो हळूच म्हणाला. त्याच्या जागी मी असते तर मलाही कदाचित तसंच वाटलं असतं. आत्यानं त्याच्याकडे न बघता जमीन सारवल्यासारखी पुसून घेतली.

"माणूस इथं गेला," ती म्हणाली. "दिवा इथंच राहील."

रोज संध्याकाळी मी तेल घेऊन जायचे आणि आम्ही दोघी तिथं बसायचो. मुलगा मागच्या दारानं ये-जा करायचा. तेराव्यानंतरही तो पुढच्या दारानं आला नाही. आत्यानं वीज विकणं बंद करायला लावलं, त्यावरून त्यांच्यात बोलाचाली झाली आणि तो बायको-मुलांना घेऊन नागोठण्याला राहायला गेला. आता सणालाच येतो. भेटला की आमची विचारपूस करतो, पण आमच्या घरात पाऊल टाकत नाही, आणि मीही त्याला आत ये म्हणत नाही.