डावा आरसा आणि अमेरिकन भविष्य

गाडी बनवणारी कंपनी देश सोडून गेली की गाडीवाल्याच्या हातात दोनच गोष्टी उरतात, किल्ली आणि किस्से. चंदीगडमधल्या आम्हा तीन मराठी कुटुंबांकडे एकाच अमेरिकन कंपनीचं एकच मॉडेल आहे. त्यामुळे रविवारी जोगळेकरांकडे चहाला जमलो की दुसरा विषयच निघत नाही.

*

कंपनी गेली तेव्हा सगळ्या ग्राहकांना मेल आला. ‘तुम्ही आमचं कुटुंब आहात.’ कर्नल जोगळेकरांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला.

“पोस्टिंग आली, गेले. त्याचं काही नाही,” ते म्हणाले. “पण चार्ज कुणाला देऊन गेले?”

*

देशमुख ऑडिटमध्ये आहेत आणि कंपनीच्या बातम्या भक्तिभावानं वाचतात. आधी कळलं, छोट्या गाड्या बंद, भविष्य मोठ्या गाड्यांचं. मग भविष्य विजेवर गेलं. गिऱ्हाईक येईना, तेव्हा ते परत पेट्रोलवर आलं.

“एखाद्या खात्यानं असं केलं ना,” देशमुख चष्मा पुसत म्हणाले, “तर मी तिथेच मुक्काम ठोकतो.”

*

जोगळेकर वहिनी गाडी झकास चालवतात. फक्त त्यांच्या मते कँटोन्मेंटचं गेट अरुंद आहे. त्यांच्या पांढऱ्या गाडीच्या डाव्या आरशावर त्या गेटचा हिरवा रंग कायमचा बसला.

कर्नल म्हणाले, “राहू दे. गाडीला मेडल मिळालंय.”

*

देशमुखांची मीरा सेक्टर ३२च्या मेडिकल कॉलेजात शिकते. बाजारात कुणीतरी तिच्या लाल गाडीचा डावा आरसा उडवला. मनीमाजऱ्याचे मेकॅनिक गुरमीतजी म्हणाले, “मिल जाएगा जी, पक्का. बस कंपनी वापस आ जाए.”

पोरगी मान वळवून वळवून गाडी चालवू लागली. एकदा डावीकडून बस अगदी अंगावर आली, थोडक्यात वाचली. त्या रविवारी देशमुखांच्या घशाखाली चहा उतरला नाही. आम्हीही कुणी हसलो नाही.

*

अशात कंपनीला भारताची पुन्हा आठवण झाली. हॉटेलात मोठा कार्यक्रम ठेवला, आम्हा जुन्या गिऱ्हाइकांना बोलावलं आणि शोभेला म्हणून कर्नलांची जुनी गाडी मागून नेली. पडद्यावर भविष्य दाखवलं, ड्रायव्हरशिवाय धावणारी गाडी.

मीरानं हात वर केला. “सर, मेरी गाड़ी का लेफ्ट मिरर कब आएगा?”

“ग्रेट क्वेश्चन,” कंपनीचे साहेब म्हणाले आणि त्यांनी पुढची स्लाइड लावली.

कार्यक्रम संपला. बाहेर येऊन बघतो तर कर्नलांच्या गाडीचा डावा आरसा गायब! कर्नल असे काही कडाडले की कंपनीची सगळी माणसं सावधानमध्ये उभी राहिली. गाडी कंपनीच्या ताब्यात होती, भरून देणं भागच होतं. एरवी जगात कुठेच न मिळणारा आरसा आठवड्याच्या आत जोगळेकरांना घरपोच आला.

पुढच्या रविवारी कर्नलांची पांढरी गाडी नवा कोरा आरसा मिरवत दारात उभी होती. मागोमाग मीरा आली, देशमुखांना घेऊन. लाल गाडी, डाव्या बाजूला पांढरा आरसा, त्यावर हिरवा ओरखडा.

देशमुख उतरले. ओरखड्यावरून त्यांनी बोट फिरवलं, कर्नलांकडे पाहिलं. कर्नल बागेतल्या गुलाबांकडे बघत होते.

“वहिनी,” देशमुख म्हणाले, “आज चहात साखर जरा जास्त घाला.”