मामीचं हिरवं पान

ब्राउझरवर इतका जीव लावणारा आणि तरीही एकाही ब्राउझरवर पुरता विश्वास न टाकणारा माणूस माझ्या थोरल्या मामांखेरीज सबंध नाशिकरोडमध्ये सापडायचा नाही. बाकीच्यांना इंटरनेट सुरू झालं की पुरे; ते कशातून उघडलं याच्याशी देणंघेणं नसतं. मामा मात्र हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवरच कचेरी थाटली. बँक आणि पेन्शन चक्रीचं चित्र असलेल्या ब्राउझरमध्ये, बातम्या आणि लासलगावचे कांद्याचे भाव घुबडवाल्यात. एकाचं काम दुसऱ्यात केलेलं त्यांना खपत नाही. एकदा मी घाईत घुबडात माझ्या बँकेचं पान उघडलं, तर मामा कळवळले, "अगं, बाहेरच्या चपला घालून स्वयंपाकघरात जातेस का तू?" स्वतः ते बँकेचं काम आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालूनच करतात. समोरून कुणी बघत नसतं, पण पैशाच्या कामाला बनियनवर बसणं त्यांना पटत नाही.

नवा ब्राउझर आला की त्याचा रीतसर बघण्याचा कार्यक्रम होतो. पहिली परीक्षा मराठीची. "ज्याला 'त्र्यंबकेश्वर' धड दाखवता येत नाही, त्याला या घरात जागा नाही," हा मामांचा कायदा. त्यात पास झालेले बरेचसे पुढच्याच पायरीवर घसरतात, कारण उघडल्या उघडल्या ते 'मला तुमचा मुख्य ब्राउझर करा' म्हणतात. "बघ! अजून पाणीसुद्धा प्यायला नाही, आणि कपाटाच्या किल्ल्या मागतोय!" असं म्हणून मामा त्याला तिथल्या तिथे काढून टाकतात. कॉलनीतले लोकही सल्ल्याला येतात. मामा त्यांना आधी बसवतात, चहा देतात आणि घरात माणसं किती, कामं कोणती, पोरं अभ्यास करतात की नुसतेच व्हिडिओ बघतात, हे सगळं विचारून घेतात. "ऑफिसचं काम आहे ना? मग चक्री. घरी म्हातारी माणसं असतील तर घुबड. गरीब आहे, अंगावर येत नाही." एवढी चौकशी आमच्या घरात मुलींची लग्नं ठरवतानाही कुणी केली नव्हती.

मामी सायखेड्याच्या शाळेत शिकवायची. अख्ख्या वर्गाची नावं पाठ असलेली मामी अलीकडे चष्मा विसरते, गॅस विसरते, आत्ताच झालेलं बोलणं विसरते. तिच्यासाठी कॉम्प्युटरच्या डाव्या कोपऱ्यात एक जुना, हिरव्या पानाच्या चित्राचा ब्राउझर होता. ते पान दाबलं की मोठ्या अक्षरांत दोनच गोष्टी दिसायच्या: बुद्धवंदना, आणि कॅनडातल्या लेकीला लावायचा व्हिडिओ कॉल. महिन्याला ब्राउझर बदलणाऱ्या मामांनी त्या पानाला कधी हात लावला नाही.

आणि एका रविवारी पान बंद पडलं. मामीनं ते दाबलं, तर लेकीच्या चेहऱ्याऐवजी इंग्रजी सूचना आली, की हा ब्राउझर फार जुना झालाय, यातून आता कॉल लागणार नाही. मामीनं चटका बसल्यासारखा माउसवरून हात काढला. "अहो, माझ्याकडून काही मोडलं का?" त्यानंतर ती त्या टेबलाकडे फिरकेना. लेकीनं मोबाइलवर फोन केला, तर मामीनं तो हातातही धरला नाही. तिच्या हिशेबी लेक त्या हिरव्या पानामागे राहत होती.

मामांनी मला बोलावून घेतलं. आम्ही एकेक ब्राउझर काढून बघत होतो आणि या वेळी त्यांना वेगाचं काही नव्हतं, त्र्यंबकेश्वराचंही नव्हतं. "प्रश्न न विचारणारा हवाय गं," ते म्हणाले. "तिला कुणी काही विचारलं की ती घाबरते. उत्तर येत नाही ना आता." मला रडू आवरेना. शेवटी घुबडच निवडलं. त्याच्या सगळ्या सूचना बंद केल्या, अक्षरं मोठी केली, तीच दोन बटणं मांडली. मग मामांनी घुबडाचं चित्र काढून तिथे हिरवं पान लावलं आणि ते बरोबर पहिल्या जागी, डाव्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं.

पुढच्या रविवारी खूप समजावल्यावर मामी खुर्चीत बसली. पानावर बाण नेऊन थोडा वेळ थांबली, मग हळूच दाबलं. दोन बटणांतलं लेकीचं बटण तिनं न सांगता ओळखलं. लेक पडद्यावर आली तशी मामी खुलली आणि लगेच तक्रारीच्या सुरात म्हणाली, "तुझे बाबा रोज उठून नवीन काहीतरी आणतात बघ. मला नाही बाई जमत. माझं आपलं जुनंच बरं आहे."

खुर्चीमागे मामा उभे होते. रविवार असूनही त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. नव्या ब्राउझरचे गुण अख्ख्या कॉलनीला ऐकवणाऱ्या त्या माणसानं मामीच्या खांद्यावर हात ठेवला.

"जुनंच आहे गं ते," ते म्हणाले. "मी हातसुद्धा लावला नाही."