बंद खिडकीचा अहवाल

भिंतीवर एक लाल ठिपका पडला आणि लगेच विझला. बँकेने पाठवलेल्या मूल्यांकनवाल्या साहेबांनी लेझरने खोली मोजून टाकली होती. पायांत बूट तसेच. घर विकणाऱ्या काकूंनी चहा टाकला होता; तो उकळायच्या आत साहेब जिना उतरलेसुद्धा.

हेच घर आम्ही चार वेळा पाहिलं होतं. एकदा भर दुपारी, किती तापतं ते बघायला. एकदा सकाळी, नळाला पाणी कसं येतं ते बघायला. अहो, माणूस वांगीसुद्धा उलटीपालटी करून घेतो! आणि आमचं घर अडतं कुणाच्या सहीवर, तर ज्याने साधा नळ सोडून पाहिला नाही त्याच्या.

आज अहवाल आला. ठरलेल्या किमतीपेक्षा मूल्यांकन कमी, म्हणून कर्जही कमी. तणतणत काकूंकडे गेलो आणि त्यांना वाचून दाखवलं, ‘उजेड, वारा : बेताचा.’

“धुळीमुळे खिडकी लावलेली होती हो,” काकू म्हणाल्या. “त्यांनी उघडा म्हटलंच नाही.”

त्यांनी उठून खिडकी उघडली. वारा बेताचा म्हणणारा तो कागद मला दोन्ही हातांनी धरावा लागला.