पाचच्या गाडीसाठी शांततेचा भंग

आंदोलनवाल्यांचं वकीलपत्र घेतलं की फायली कमी आणि किस्से जास्त जमतात. फायलीला निदान वाळवी तरी लागते, किस्से मात्र बार रूममध्ये रोज वाढत जातात. त्यातल्या बहुतेकांत फजिती माझीच झालेली आहे. म्हणून दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगून टाकतो.

तसा मी अंबडच्या कोर्टातला बांधाच्या भांडणांचा वकील. पण आमच्या गावची पाचची एसटी बंद झाली आणि मथुराकाकू माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. त्यांची नात पूजा अंबडला अकरावीला. कॉलेज साडेचारला सुटतं आणि आता पुढची गाडी थेट आठला. पूजाच्या बापानं सांगून टाकलं, पोरगी अंधारात येणार असेल तर कॉलेज बस्स झालं.

"त्याचं बी चुकत न्हाई," काकू म्हणाल्या. "पण पोरीचं काय चुकलं? डेपोत तीन अर्ज देऊन झाले. आता गाडी सुरू होईस्तोवर दर सोमवारी तहसीलसमोर बसणार मी. सुभाष, कायद्याचं तेवढं तू बघ."

मी कायद्याचं बघायला लागलो आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

* * *

धरणं जाहीर झालं की आदल्या दिवशी पोलिसांची नोटीस येते. काही गडबड झाली तर तुम्ही जबाबदार, असा तिचा मतलब. काकूंना आली, गावातल्या आणखी चौघींना आली. मी तडफेनं हरकतीचा अर्ज लिहिला की, अशा नोटिसा म्हणजे नागरिकांची मुस्कटदाबी आहे.

तेवढ्यात देवरावतात्या तणतणत आले. तात्या म्हणजे तालुक्यातल्या प्रत्येक मोर्चात पुढं असणारं जुनं खोड.

"वकीलसाहेब, तीस वर्षं आंदोलनं करून राह्यलो! काल आलेल्या बायांना नोटीस, अन् मला न्हाई?"

"अहो तात्या, नोटीस न मिळणं चांगलं असतं."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं! गावात तोंड कसं दाखवू?"

शेवटी त्यांच्यासाठीही अर्ज लिहिला: 'तरी मला नोटीस मिळावी, ही विनंती.' एका दिवशी, एका ठाण्यात, माझ्याच अक्षरातले दोन अर्ज. एकात नोटिसा बेकायदेशीर, दुसऱ्यात एक जास्तीची द्या! ठाणे अंमलदारानं दोन्ही शांतपणे वाचले.

"वकीलसाहेब, तुमचं आधी काहीतरी एक ठरवा!"

तात्यांना नोटीस मिळाली. त्यांनी ती लॅमिनेट करून बैठकीत लावली आहे.

* * *

पहिल्या सोमवारी माणसं चांगली जमली. दीडेकशे तरी असतील. समोर माईक, हातात राज्यघटना! मला कुठलं राहवतंय? 'शांततेने एकत्र येण्याचा अधिकार' या विषयावर मी बोलायला उभा राहिलो. बोलता बोलता ब्रिटिशांपर्यंत गेलो, तिथून परत यायला पाऊण तास लागला. डोळे उघडून पाहतो तर समोर काकू, तात्या आणि मंडपवाला. मंडपवाला खुर्च्या न्यायला थांबला होता.

पोलीस निरीक्षक स्वतः येऊन हात मिळवून गेले.

"जमाव पांगवायला आम्हाला जालन्याहून जादा कुमक मागवावी लागते हो. पुढच्या वेळी तुम्हालाच बोलावतो!"

काकूंनी त्याच दिवशी नियम केला. इथून पुढं मुक्यानं बसायचं. पाटी धरायची, घोषणा नाही, भाषण नाही.

"अन् तू कोर्टात बोल," मला म्हणाल्या. "हितं बिलकुल तोंड उघडू नको."

* * *

मध्येच मंत्र्यांचा दौरा लागला. काकूंनी ताफ्यासमोर पाटी धरू नये म्हणून पोलिसांनी सकाळीच त्यांच्या दारात ठाण्यातल्या शेख जमादारांना बसवलं. हे बेकायदेशीर आहे, असं सांगायला मी कोट घालून, मोटारसायकल हाणत गावात गेलो.

बघतो तर जमादार ओसरीवर तूर निवडत बसलेले!

"वकीलसाब, जरा हळू बोला," ते म्हणाले. "काकूंचा आत्ताच डोळा लागला. पहाटपासून उठल्यात."

मी कोट काढला आणि दुसरं सूप घेतलं. संध्याकाळी जमादारांनी वर रिपोर्ट दिला, 'सदर महिला दिवसभर शांत होत्या. त्यांचे वकील मात्र दोन वेळा मोठ्याने बोलले.' तेव्हा मी हसलो होतो.

* * *

चौथ्या सोमवारी काकू आणि दहा-बारा बाया पाट्या धरून गुमान बसल्या होत्या. 'पाचची गाडी सुरू करा.' बस, एवढंच. बंदोबस्ताला शेख जमादार. वरून हुकूम आला आणि ते म्हणाले, "काकू, जरा बाजूला सरकून बसा." काकू सरकल्याही असत्या. पण मी टपरीवरून चहाचा ग्लास घेऊन धावलो आणि जमादारांना राज्यघटना ऐकवली, सगळ्या तहसीलला ऐकू जाईल अशी.

आठ दिवसांनी काकूंवर चॅप्टर केस! शांततेचा भंग केला, सबब सहा महिने चांगलं वागण्याचं जामीनदारासह बंधपत्र का घेऊ नये, याचा खुलासा तहसीलदारांसमोर करा. बंधपत्र दिलं की सहा महिने बसणं बंद. तोवर पूजाचं कॉलेज सुटलेलं असणार.

आणि मी, घटनेचा एवढा मोठा कैवारी, काकूंना काय म्हणालो? "काकू, सही करून मोकळ्या व्हा. कशाला झंझट?"

काकूंनी पेन बाजूला सारलं. "मी केलं काय, ते तर सांग आधी."

मी बंधपत्राचा कागद परत घेतला आणि खुलासा लिहायला बसलो. इतकी लाज मला भर कोर्टात केस हरल्यावरही वाटली नव्हती.

* * *

सुनावणीला तहसीलदारांसमोर साक्षीला शेख जमादारच उभे.

"या बाईंनी घोषणा दिल्या?" तहसीलदारांनी विचारलं.

"न्हाई साहेब. चूप बसल्या होत्या."

"रस्ता अडवला?"

"न्हाई साहेब."

"मग रिपोर्टात 'मोठमोठ्याने आरडाओरडा झाल्याने शांततेचा भंग झाला' असं लिहिलंय, तो आरडाओरडा कोणी केला?"

जमादारांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा छताकडं.

"आता खोटं कसं बोलू, साहेब... वकीलसाब करून राह्यले होते."

तहसीलदारांनी चष्मा काढून पुसला. काकूंची नोटीस तिथल्या तिथं रद्द केली. मग माझ्याकडं वळले.

"वकीलसाहेब, मग बंधपत्र तुमच्याकडूनच घ्यायला पाहिजे! सहा महिने शांत राहण्याचं. जामीन कोण राहतंय तुम्हाला?"

कारकुनापासून तात्यांपर्यंत सगळे हसले. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. पदर खोचून सरळ टेबलापाशी गेल्या.

"लिहा सायेब माझं नाव. सहा महिने ह्याला तोंड उघडू देत न्हाई, माझा शब्द. अन् मी सोमवारी बराबर अकराला येऊन बसते."